तोस्तांव

एकतीस वर्षं डिचोलीच्या बाजारात
मी लोकांचे केस जमिनीवर पाडतोय.
रात्री दुकान झाडलं की एक ढीग होतो,
कुत्रा वेटोळं करून निजावा तेवढा.
तो पोत्यात भरायचा, शटर ओढायचं,
घरी मागच्या दारी शर्ट झटकायचा, मगच आत.
तरी सुकांतीला भातात केस सापडतो.
कुणाचा, ते ती विचारत नाही.
ताटाच्या कडेला ठेवते, जेवत राहते.

छाती माझी शिट्टी घालते.
पोदेराच्या भोंग्यासारखी नव्हे, बारीक,
शेजारच्या खोलीतून कुणी दबक्या आवाजात बोलवावं तशी.
म्हणून घरात मांजर नाही, कुत्रा नाही,
लोकरीची शालसुद्धा ट्रंकेच्या तळाशी.

आणि हा हळदोण्याचा मार्सेलीन,
दर पंधरवड्याला मिशी कोरून घेणारा,
निघाला स्विंडनला, लेकीकडे कायमचा.
खुर्चीत टॉवेलाचं गाठोडं सोडून म्हणाला,
"गुणाजी, देवान हो तुझ्याखातीर केला.
ह्याच्या आंगार तुका काम ना."

तांब्याच्या जुन्या नाण्याचा रंग.
नावही नाण्याचंच, तोस्तांव.
डोक्यावर चार राठ केस, म्हाताऱ्याच्या कानातल्यासारखे,
बाकी सगळा उघडा.
हात माझा सवयीने मानेवर गेला,
उलटा फिरला, भोवरा शोधत.
भोवरा नव्हता. ऊब होती,
तव्यावरून आत्ताच उतरवलेल्या भाकरीची.
हाताला पुढे काय करावं कळेना.
तसाच राहिला.

जनावरांच्या डॉक्टरीण बाई स्पष्ट बोलल्या:
केस नाहीत म्हणजे दमा नाही, असं समजू नका.
लाळ आहे, कोंडा आहे.
आठ दिवस ठेवा, छाती काय म्हणते ते बघा.
उन्हात मलम लावा, तेलकट नको, पुटकुळ्या येतात.
पावसाळ्यात पुसून कोरडा ठेवा, नाहीतर बुरशी.
दात कमी असतात ह्यांना, हाड देऊ नका.

मी मान हलवली.
गिऱ्हाइकाला मी असंच सांगतो कोंड्याबद्दल,
तेही अशीच हलवतात.

सुकांती अंगणात उभी राहून मोजत होती.
रस्ता रुंद झाला तेव्हा फणस गेला,
आता दहा ते चार सावली अशी नाहीच.
वर खाणीचे ट्रक. तुळशीची पानं लाल,
दोरीवरचं धोतर लाल, ह्याचं काय होणार?
"आणि वय किती?"
सात.
"म्हणजे अजून सात-आठ वर्षं." ती बोटांवर थांबली.
"तेव्हा आपण किती होतो रे?"

शेजारची रोहिदिनी कुंपणावरून ओरडली,
"अगो बाये, सोललाय की काय त्याला!"
गल्लीतले गावठी कुत्रे आले, हुंगले,
आणि एक पाऊल मागे सरले,
घरी कुणी आजारी असलं की लोक सरतात तसे.
तोस्तांव माझ्या पायात शिरला.
पोटरीला त्याचं काळीज लागलं, ठक ठक,
मध्ये काहीच नव्हतं.

तिसऱ्या रात्री तो सुकांतीच्या चादरीखाली.
मी उठवायला गेलो, ती झोपेत म्हणाली,
"असू दे. गुडघा शेकतोय."

सहाव्या दिवशी ओरखडा, चिऱ्याच्या कंपाउंडाला घासून.
हळद लावू की ट्यूब, ह्यावरून आमचं भांडण.
किती वर्षांनी भांडलो, तेही कुणासाठी तरी.

शिट्टी आहे तेवढीच.
वाढली नाही. गेली म्हणेन तर खोटं.

आज आठवा. मार्सेलीनचा फोन
दोनदा वाजून थांबलाय.
मी हार्डवेअरवाल्याकडून हिरव्या जाळीचा भाव घेऊन आलो,
अंगण दोरीनं मापलं, आकडा तळहातावर लिहिला.
जेवायला बसलो तर भातात केस.
सुकांतीने तो उजेडाला धरला,
खाली तोस्तांवकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पांढरा," म्हणाली. "तुझाच."